आनारकान एजेंचा खुला पाठ

आनारकान एजे डोंगरातल्या एका गावात चव्वेचाळीस वर्षं दुसरीच्या वर्गाला शिकवत होत्या (वयाने मोठ्या कोणत्याही बाईला तिकडे एजे म्हणतात, आपण ताई म्हणावं तसं), आणि एवढ्या वर्षांत त्यांनी खुला पाठ फक्त तीनदा दिला होता. तिन्ही वेळा मागच्या भिंतीला खुर्च्या लावून बसलेले पाहुणे नंतर मटण जेवून खूश झाले आणि पाठाबद्दल अवाक्षर न काढता निघून गेले. एजेंनाही त्याचं काही वाटलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी हातात खडू घेऊन पुन्हा वर्गात उभ्या.

चौथ्या वेळची गोष्ट मात्र वेगळी होती. साठी उलटलेल्या शिक्षकांना दरवर्षी नवा करार मिळायचा, आणि त्या वर्षी वरून कागद आला होता की खुल्या पाठात शंभरपैकी सत्तर गुण पडले तरच करार. एजे त्रेसष्ट वर्षांच्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, दोन्ही मुलगे मॉस्कोत बांधकामावर. "इकडे ये अपा, नातवंडं सांभाळ," म्हणून ते फोनवर आईच्या मागे लागायचे. एजे म्हणायच्या, "माझ्याकडे एकोणीस आहेत इथे. ती कोण सांभाळणार?" पण करार गेला तर तीही राहणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं आणि सगळ्या गावालाही.

गुण द्यायला साइरागुल येणार होती.

साइरागुल तालुक्याच्या शिक्षण कचेरीतली. चव्वेचाळीस वर्षांची, उंच, बोलायला कमी. आयुष्यात तिने दोनशेच्या वर खुले पाठ पाहिले होते आणि त्यांतला एकही तिला आता आठवत नव्हता. याचीच तिला खंत होती. चांगलं शिकवणं म्हणजे नेमकं काय, ते कोणीतरी एकदा लिहून काढायला हवं, असं तिला फार वाटायचं. दोन हिवाळे खपून तिनेच चाळीस कलमांचा तक्ता केला होता. पाठाचा हेतू फळ्यावर लिहिला का? वेळ वाया न घालवता शिकवलं का? रंगीत साधनं वापरली का? किती मुलांनी बरोबर उत्तर दिलं? पाठ वेळेत संपवला का? राजधानीतल्या एका प्रकल्पाला तो इतका आवडला की आता साऱ्या तालुक्यात तोच चालायचा. तक्ता हातात घेतला की साइरागुलला वाटायचं, आपल्या हातून कोणावर अन्याय होणार नाही.

मार्चमधला शेवटचा सोमवार होता. बर्फ वितळून वाटेचा नुसता चिखल झाला होता. कचेरीची एकुलती एक जीप धक्के खात शाळेपाशी पोचली तेव्हा मुख्याध्यापक सादिरबेक फाटकातच उभा होता, डोक्यावर उंच पांढरी टोपी, कोटाची बटणं खालीवर लागलेली.

"या एजे, या! आधी चहा. बोकड पहाटेच कापलाय."

"आधी पाठ, सादिरबेक."

"एजे, भरल्या पोटी माणसाला सगळं जरा गोड दिसतं."

"म्हणूनच आधी पाठ," साइरागुल म्हणाली. मागून उतरलेली चोलपोन हसली. चोलपोन राजधानीतल्या प्रकल्पाची, सव्वीस वर्षांची. चिखलात पांढरे बूट घालून आली होती. समितीत या दोघी आणि तिसरा मुख्याध्यापक. तिघांच्याही सह्या लागायच्या.

सादिरबेक स्वतः एजेंच्या हाताखाली शिकलेला. शाळेत त्यालाच सगळ्यांत उशिरा वाचायला आलं, असं तोच सांगायचा. आपल्या बाईंचा वर्ग आपण मुख्याध्यापक असताना जावा, हे त्याला सहन होणारं नव्हतं. त्या काळजीपोटी त्याने जे करायला नको होतं तेच केलं. एजेंना न सांगता, मधल्या सुट्टीत पोरांना आठवडाभर गोळा करून त्याने खुला पाठ घोटून घेतला.

वर्गात भट्टी पेटली होती, मेंढ्यांच्या लेंड्यांच्या गोवऱ्यांचा ओळखीचा वास होता. भिंतीवर सादिरबेकने नवे रंगीत तक्ते ठोकले होते. एजे आत आल्या. ठेंगण्या, डोक्याला पांढरा रुमाल, लोकरी जाकीट कोपरांना झिजलेलं. त्यांनी तक्त्यांकडे पाहिलंही नाही. खडू उचलताना ओठांत देवाचं नाव घेतलं आणि फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: बावन्न वजा सत्तावीस.

"कोण सांगेल?"

एकोणीसच्या एकोणीस हात वर गेले.

चोलपोनने भुवया उंचावून कागदावर काहीतरी लिहिलं. साइरागुलने मात्र ते हात निरखले. काही हात उजवे होते, काही डावे. ही युक्ती तिने स्वतः तरुणपणी केली होती आणि नंतर शंभरदा पकडली होती. येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. पाहुण्यांना हातांचं रान दिसतं, बाई फक्त उजव्यांना विचारतात. तिने सादिरबेककडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

'तुम्ही पण, एजे?' साइरागुलच्या मनात आलं. तिला अगदी ओशाळल्यासारखं झालं.

एजेंनी सगळ्या वर्गावर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बेगायीम, तू सांग."

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, गाल थंडीने फुटलेले. तिने एजेंकडे पाहिलं, मग मुख्याध्यापकांकडे पाहिलं. शेवटी रडवेल्या आवाजात म्हणाली, "एजे, पण मी तर डावा वर केला होता."

कोणीतरी फिसकन हसलं. चोलपोनचं पेन थांबलं. सादिरबेकच्या कानापर्यंत रक्त चढलं.

"डावा म्हणजे काय गं?" एजेंनी विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"डावा म्हणजे येत नाही. मास्तरांनी सांगितलंय. डाव्यांना तुम्ही विचारणार नाही, म्हणाले."

एजे सादिरबेककडे वळल्या. चाळिशी गाठलेला तो बाप्या, आठ वर्षांच्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला.

"अरे सादिर," त्या एवढंच म्हणाल्या. रागाने नाही. मग पुन्हा मुलांकडे वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला साइरागुलकडे पटकन शब्द नव्हता. अवघड जागेची दुखणी सांगायला आजारी माणूस एकदाचा तयार झाला की वैद्याचा चेहरा उजळतो, तसं काहीसं.

"किती बरं झालं," एजे म्हणाल्या. "मला हे शोधायला रोज अर्धा तास लागतो. आज तुम्ही आपण होऊन सांगितलंत. करा बघू परत हात वर. खरे हात हं."

सात डावे हात वर आले. थोडं थांबून आठवा.

"या सगळे भट्टीपाशी. ऊब आहे तिथे. पाहुण्यांना घाबरू नका, त्यांनाही सगळं येत नाही."

आठ मुलं भट्टीभोवती गोळा झाली. एजेंनी एकेकाला एकच प्रश्न विचारला, "कुठपर्यंत येतं?" उत्तर काय, हे नाही विचारलं. कुठपर्यंत येतं. एक जण म्हणाला, वजा म्हणजे काय तेच विसरतो. दोघं म्हणाली, एकेरी आकडे असले तर येतं. बेगायीम म्हणाली, "माझं उत्तर येतं, पण ते नेहमी चूक असतं."

"किती येतं?"

"पस्तीस."

"पस्तीस!" एजे म्हणाल्या, जणू कोणी त्यांना मौल्यवान वस्तू दाखवली. मग बाकांवर बसलेल्या उजव्या हातांच्या मुलांकडे वळल्या. "तुम्हा शहाण्यांना पंचवीस येतं, ते मला ठाऊक आहे. मास्तरांनी घोटून घेतलंय. आता तुमचं काम सांगते. बेगायीमचं पस्तीस कसं आलं, ते शोधायचं. तिला विचारायचं नाही."

पहिल्या बाकावरचा एलझात वर्गात सगळ्यांत हुशार. तो तावातावाने उठला. "चुकून आलं असेल, एजे!"

"चुकून काही येत नाही बाळा. बेगायीमच्या डोक्यात काहीतरी चाललंय म्हणून आलं. काय चाललंय, ते बघ."

एलझात खाली बसला. आणि मग एजे काही बोलल्या नाहीत. साइरागुलची नजर सवयीने घड्याळावर गेली. दहा सेकंद, वीस, चाळीस. तिच्या तक्त्यात या गप्प बसण्यासाठी एक कलम होतं, आणि त्यात गुण कापायचे होते. पण ही शांतता रिकामी नव्हती. अकरा मुलांची कपाळं आक्रसलेली, ओठ हलतायत, कोणी बोटं मोजतंय. एजे भट्टीपाशी गुडघ्यांवर बसून मेंढीच्या घोट्याची हाडं मोजत होत्या, मुलं खेळतात तीच. दहा-दहाच्या जुड्या लोकरीच्या दोऱ्याने बांधलेल्या. पाच जुड्या, दोन सुटी हाडं.

"मला सत्तावीस दे," त्या बेगायीमला म्हणाल्या.

बेगायीमने दोन जुड्या दिल्या. मग सुट्या दोन हाडांकडे पाहून थबकली. "सात कुठून देऊ? दोनच आहेत. म्हणून मी सातातून दोन काढते, एजे. मोठ्यातून छोटं काढायचं. आमच्या घरी पण मोठाच छोट्याचं काढून घेतो, छोट्याला मोठ्याचं कधी मिळत नाही."

साइरागुलला हसू आलं आणि डोळ्यांत टचकन पाणीही आलं.

"खरं आहे तुझं," एजे म्हणाल्या. "दोनाकडे सात नाहीत. मग दोनाने काय करावं? बसून रडावं?"

बेगायीमने जुड्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एजेंचा हात मांडीवरून हलला नाही. त्या दोऱ्याकडे बोटसुद्धा दाखवीनात. चोलपोन खुर्चीत चुळबुळली, पुढे होऊन सांगण्याचा तिलाच मोह होत होता. आणि मग मुलीने एक जुडी उचलली, दोऱ्याचं टोक दातांत धरलं, आणि ओढलं. दहा हाडं जमिनीवर खळखळ सांडली.

"सुटी झाली!" ती ओरडली.

तेवढ्यात पाठीमागून एलझात किंचाळला, "कळलं! ती वरच्यातून खालचं काढत नाही, खालच्यातून वरचं काढते! सातातून दोन! म्हणून पस्तीस!" तो बाकावर चढायचाच बाकी होता. पंचवीस सांगताना त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद नसता आला.

घंटा झाली ती मधेच. फळ्यावर पाठाचा हेतू नव्हता, शेवटी सारांश नव्हता, गृहपाठ नव्हता. भट्टीपाशी दोन मुलं अजून वजा म्हणजे काय तेच शिकत होती. एजेंनी खडू खाली ठेवला आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "आजचं अर्धंच झालं. माफ करा."

साइरागुलला उठवेना. लहानपणी आजोबांबरोबर ती उन्हाळी कुरणावर जायची तेव्हा एकदा पहाटे तिने घोडीला विताना पाहिलं होतं. आजोबांनी टोपी काढून हातात धरली होती, आणि का ते तिला तेव्हा कळलं नव्हतं.

जेवणाचं दस्तरखान मुख्याध्यापकांच्या खोलीत मांडलं होतं. मटण, लोणी, कणकेचे तळलेले बोर्सोक, जरदाळूचा मुरंबा. चोलपोनने तिथेच बेरीज करून कागद पुढे सरकवला. त्रेपन्न.

"मी दोनदा मोजलं," ती म्हणाली. तिचाही आवाज खाली गेला होता. "एजे, मलाही त्या आवडल्या. पण आवडणं कुठल्या रकान्यात लिहू?"

"तू मोजलंस ते बरोबरच आहे."

सादिरबेक हात जोडल्यागत पुढे वाकला. "एजे, दोष माझा. माझी नोकरी घ्या. सतरा गुण... नुसते सतरा... रकान्यात पेन जरा तिरकं फिरवलं तरी..."

दार लोटून आनारकान एजे आत आल्या, हातात चहाची किटली. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "सादिर, तुला दुसरीत नापास व्हायची पाळी आली होती, तेव्हा मी पेन तिरकं फिरवलं होतं का?"

"नाही, एजे."

"काय केलं होतं?"

"उन्हाळाभर रोज कुरणावर घोड्यावरून येऊन वाचायला शिकवलं होतं." त्याने नाक पुसलं. "मी लपून बसायचो."

"मग? खा गुपचूप." त्या चहा ओतू लागल्या. आपली गोष्ट संपली असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

साइरागुलने कागद उलटा करून ठेवला. "आज सही नाही," ती म्हणाली. "नियमात आहे, समितीप्रमुखाला शंका असेल तर दहा दिवसांत पुन्हा पाहता येतं. कधी कोणी वापरला नाही हा नियम, जीप दुसऱ्यांदा वर आणायची कोणाची तयारी नसते म्हणून. मी खाली जातच नाही. शनिवारपर्यंत इथे बसते."

"तुमची शंका काय आहे?" चोलपोनने विचारलं. "काय लिहू?"

"लिही की शंका तक्त्याबद्दल आहे."

चोलपोनने तसंच लिहिलं. संध्याकाळी ती एकटी जीपने परत गेली.

साइरागुल एजेंच्या घरी राहिली. मंगळवारी ती मागच्या बाकावर बसली, खुर्चीवर नाही. बुधवारपर्यंत मुलं तिला विसरली. आणि तिला दिसायला लागलं की तिच्या तक्त्यातली कलमं सगळीच्या सगळी त्या खोलीत होत होती; फक्त एका तासात होत नव्हती. सोमवारी न झालेला सारांश मंगळवारी सकाळी झाला, आणि तो बेगायीमने केला. पाठाचा हेतू एजेंनी फळ्यावर लिहिला नाही, पण बुधवारी वजाबाकी संपल्यावर मुलांनाच विचारलं, "आपण हे कशासाठी शिकलो?" त्यावर वर्ग पाऊण तास भांडला. साइरागुल प्रत्येक कलमासमोर तारीख आणि वेळ लिहीत गेली.

शुक्रवारी एजेंनी गेलेल्यांसाठी तेलात सात पोळ्या तळल्या. वास घरभर पसरला. त्या ओंजळ उघडी धरून बसल्या, नवऱ्याचं नाव घेतलं, आईबापांची घेतली, ज्यांनी शिकवलं त्यांची घेतली. साइरागुलही ओंजळ धरून बसली होती. तिला वाटलं, झालं. पण एजेंचे ओठ हलतच होते. बेगायीमला शंभराच्या पुढे मोजायची भीती जाऊ दे. एलझातला दुसऱ्याचं ऐकायला येऊ दे. एकोणीस नावं, आणि प्रत्येकापुढे ज्याला त्याला जे येत नव्हतं ते. एकाचंही दुसऱ्याशी सारखं नव्हतं. वर्गात विचारायच्या तेच हे, कुठपर्यंत येतं. साइरागुलची ओंजळ उघडी ती उघडीच राहिली. दोनशे खुले पाठ पाहिले, आणि शिकवणं इथे, या तेलाच्या वासात, चटईवर बसून होतं हे कोणी सांगितलं नव्हतं. दोघींनी चेहऱ्यावरून हात फिरवले. एजे म्हणाल्या, "खा, गरम आहेत तोवर."

शनिवारी सकाळी बेरीज झाली. एक्याण्णव. साइरागुलने कागद एजेंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि चाळीसही कलमं वाचली, मुलांच्या वह्या तपासतात तशी, बोट फिरवत.

"हे काय? 'मुलांशी सदैव सौम्य बोलतात', पाचपैकी पाच?"

"हो."

"गुरुवारी मी एलझातवर खेकसले होते. तू बाहेर लाकडं आणायला गेली होतीस. दोन काढ."

"एजे, जाऊ दे ना..."

"काढ पोरी. मी मुलांना काय सांगू?"

साइरागुलने दोन गुण काढले. एकोणनव्वद. तारखांसकट तो कागद तिने पुढच्या सोमवारी कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. सादिरबेकने गावातच सही केली होती, आणि चोलपोनने त्या सकाळी कागद वाचून साइरागुलच्याही आधी. साहेब कागद उलटसुलट करत म्हणाले, नियमात एक पाठ म्हटलंय, तुम्ही पाच दिवस काय करत होता? साइरागुलने सांगितलं. पाऊण तास सांगत होती. कमी बोलणारी ती बाई इतकं बोलली की साहेबांचा चहा गार झाला. अखेर ते म्हणाले, तसंही त्या वरच्या गावात हिवाळ्यात जायला दुसरं कोण तयार आहे? आणि त्यांनी सही केली. करार एक वर्षाचा.

साइरागुलने तिथूनच शाळेत फोन लावला. सादिरबेकचा आनंद फोनमधून बाहेर पडत होता, त्याने पळत जाऊन एजेंना बोलावून आणलं. पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"किती?" एजेंनी विचारलं.

"एक वर्ष, एजे."

पलीकडून थोडा वेळ नुसता मुलांचा गलकाच ऐकू आला. साइरागुलने घड्याळाकडे पाहिलं नाही.

"देवाची कृपा," एजे म्हणाल्या. "एकच वर्ष म्हणतेस? मग भागाकार नोव्हेंबरच्या आत घ्यायला हवा. ठेवते आता, आत गलका वाढलाय."